जळबा भाऊजींचा बॉल आणि चेअरमनची हरळी

आमच्या जळबा भाऊजींना नीट मांडी घालून बसलेलं कोणी पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं, मी त्याला चहा पाजीन. जेवायला बसले तरी एक गुडघा वर. विहारात वंदना चालू असली तरी पायाचा अंगठा खालची फरशी उकरत असतो. झोपेत लाथा झाडतात, म्हणून लहानपणी त्यांच्या शेजारी कोणी अंथरूण टाकत नसे. मी लग्न होऊन गौळवाडीत आले तेव्हा ते माझ्या कमरेएवढे होते. दीर म्हणून मान द्यायचा, तो देतेच, पण त्यांचं नाक मीच पुसलेलं आहे. तेव्हा त्यांच्याविषयी लिहायचा अधिकार माझा. अक्षर प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले, तेही अर्धं. जुळवून वाचा.

गौळवाडी म्हणजे डोंगरकड्याहून वसमतकडं निघालं की एक फाटा लागतो, तिथं उतरायचं आणि ओढ्याच्या कडेनं चालत यायचं. अशा गावात फुटबॉल कुठून आला, असं बाहेरचा माणूस विचारतोच. तो भाऊजींच्या रुसण्यातून आला. मिसरूड फुटायच्या वयात ते घरात भांडून हैदराबादला पळाले. तेव्हा आपला मुलूख तिकडंच जोडलेला होता. तिथं एका हॉटेलात कपबशा धुवायला लागले. हॉटेलाच्या मागं मातीचं मैदान, तिथं रोज संध्याकाळी फुटबॉल चालायचा. हात कपात आणि डोळे खिडकीबाहेर. किती कप फुटले ते मालकालाच ठाऊक. परत आले तेव्हा लोकांना वाटलं, पोरगं आईला लुगडं आणेल. ह्यांनी पिशवीतून चामड्याचा जुना बॉल काढला.

सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्याला शिजवायचं का भाजायचं?"

उंदरांनी कुरतडू नये म्हणून त्यांनीच तो दह्याच्या शिंक्यात टांगला. तेव्हापासून रीत पडली. बॉल ज्याच्या शिंक्यात, संघ त्याच्या हातात. पुढं बॉल फाटले, नवे आले, शिंकं तेच आणि घरही तेच. गावात कोणी सेक्रेटरी नाही, कोणी अध्यक्ष नाही. पोरं संध्याकाळी येऊन म्हणायची, "आबा, बॉल सोडा," आणि भाऊजी शिंकं खाली घ्यायचे.

मैदान म्हणजे वस्तीच्या खालचं गायरान. तिथं उन्हाळ्याच्या तोंडाला गावची हळद वाळायची. आमच्याकडं हळद काढली की मोठ्या कढईत शिजवतात आणि उन्हात पसरतात. त्यासाठी जमीन कशी पाहिजे? भाकरी थापलेल्या परातीसारखी. आम्ही बायका खडा न् खडा वेचायचो, गवताची काडी दिसली तर खुरप्यानं मुळासकट काढायचो, धुमसानं चोपायचो, वरून शेणमातीनं सारवायचो. हळद उचलली की तेच मैदान पोरांचं. मग पहिला सामना व्हायचा त्याला पिवळा सामना म्हणायचे. मातीत हळदीची पूड राहिलेली असायची. पोरं पडली, उठली की पिवळीधमक. सेनगावकडची पोरं खेळायला आली की ओरडायची, "आले रे नवरदेव! नवरी कुठाय?" आमच्याकडून जळबा भाऊजी उत्तर द्यायचे, "तुमच्यातच बसली हाय, घेऊन जातो!"

ह्या मैदानाला एकच खोड. एका बाजूचा गोल ओढ्याकडं तोंड करून होता. दोन बांबू, वर दोरी. गोल झाला की बॉल मागं थांबायचा नाही, उतारानं थेट ओढ्यातल्या पाणकणसात. तो आणायला भाऊजी पळायचे. तरुणपणी स्वतः खेळताना पळायचे, पुढं खेळणं सुटलं तरी गोलामागं उभे राहून पळायचेच. साठी आली, गुडघा धरला, तरी ते काम दुसऱ्याला देत नव्हते.

आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सालची गोष्ट. नवा जिल्हा म्हणजे नवी सून. सगळ्यांनाच आपापलं मोठेपण दाखवायची घाई. वसमतच्या एका शिक्षण संस्थेच्या चेअरमनना वाटलं, जिल्ह्यात आपला एक फुटबॉलचा संघ पाहिजे. नवा संघ घडवायला वेळ लागतो, घडलेला घेतला तर बरं. दिवाळीनंतर त्यांची जीप ओढ्यातून उड्या मारत आमच्या वस्तीत आली.

चेअरमन माणूस वाईट नव्हते. गोरे, गोल, बोलताना दर वाक्याला रुमाल. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "जळबाजी, तुमचा संघ आम्हाला द्या. पोरांना बूट देतो, मोजे देतो, टीशर्ट देतो. राहायला होस्टेल, शिकायला कॉलेज. वसमतला नवं मैदान केलंय, जिल्ह्यात तसं दुसरं नाही. फक्त नाव आमच्या संस्थेचं लागेल."

भाऊजींचा गुडघा हलायला लागला. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् आमच्या मैदानावर सामने किती होतील?"

"कुठलं मैदान?" चेअरमननी खाली पाहिलं. "ते खळं?" आणि हसले. वाईट मनानं नाही, पण हसले.

ठरलं असं. वसमतच्या नव्या मैदानाचं उद्घाटन होतं, नांदेडचा संघ येणार होता, साहेब लोक येणार होते. आमच्या पोरांनी तिथं एक सामना खेळायचा आणि सामना झाला की भाऊजींनी सगळ्यांसमोर बॉल चेअरमनच्या हातात द्यायचा. द्यायचा का नाही, ते भाऊजींनी तोवर ठरवायचं. जीप गेली आणि आमच्या घरातली झोपही गेली. भाऊजी खाटेवरून उठायचे, शिंक्याखाली उभे राहायचे, परत खाटेवर. मी म्हणायचे, "भाऊजी, बॉल काय पळून चालला का?" ते म्हणायचे, "त्याचाच तर इचार करून राहिलो."

गावाला मात्र चघळायला ऊस मिळाला. थावराच्या हॉटेलात दुसरा विषयच नाही. थावरा तांड्यावरचा, आमचा जुना गोलकीपर. हात एवढाले मोठे की त्याच्या हातात चहाचा कप औषधाच्या टोपणासारखा दिसतो. मी तिथं भजी तळून द्यायला जायचे, त्यामुळं सगळं माझ्या कानावरून जायचं.

संतराम पाटील, ज्यांची हळद गायरानावर सगळ्यात जास्त वाळते आणि जे तरुणपणी बापाचा मार खाऊन आमच्या वस्तीतल्या पोरांत बॅक खेळायचे, ते म्हणाले, "देऊ नको जळबा. नाव गेलं म्हणजे काय राहिलं? उद्या त्या पोरांनी गोल मारला तर टाळ्या कोणाला? संस्थेला!"

थावरा म्हणाला, "पाटील, तुमच्या टाळ्यांनी कोणाचं पोट भरलं? तुमी बॅकला उभे राहायचे तवा माझ्याच गोलात मारायचे. दोनदा मारला."

"एकदा!"

"दोनदा. एकदा डोक्यानं, एकदा ढुंगणानं."

सगळे हसले. पाटीलही हसले, पण हट्ट सोडला नाही. "आन् सराव कुठं करतील? परक्या जमिनीवर पाय बसतो का? आपलं मैदान बघा. आरसा हाय आरसा."

थावरा म्हणाला, "टीव्हीत पाहिलं न्हाई का मागच्या साली, मोठमोठ्या देशांचे सामने? कसलं गुळगुळीत मैदान असतंय! चेअरमनचं तसंच आसंल."

इथं मला सांगितलं पाहिजे की थावराचा टीव्ही काळापांढरा. त्यात सगळ्या जगाची मैदानं राखाडी दिसायची, सारवल्यासारखी. त्यावर गवत असतं हे त्या हॉटेलात बसलेल्या एकाही शहाण्याला ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं रामायण ह्या एका टीव्हीमुळं झालं.

वाद चालू असताना कोपऱ्यात भावसिंग बसला होता. तोही तांड्यावरचा. आता शेळ्या राखतो. पण त्याच्या वेळी डाव्या बाजूनं तो बॉल घेऊन निघाला की बाया डोक्यावरची घागर उतरवून पाहायच्या. पूर्ण्याच्या रेल्वेच्या संघानं त्याला बोलावलं होतं. जायच्या आधीच्या सामन्यात, परगावच्या मैदानावर, अनवाणी पायानं त्यानं बॉल समजून जमिनीतून वर आलेल्या दगडाला लाथ हाणली. पाय जुळला तो वाकडाच जुळला. रेल्वे गेली.

हॉटेलात त्याचा आवाज सहसा निघत नाही. त्या दिवशी तो म्हणाला, "जळबाभाऊ, बूट देतो म्हणला का तो?"

"व्हय."

"मंग इचार काय करून राहिला?"

भाऊजी उठून बाहेर गेले आणि अंधार पडेस्तोवर मैदानाला चकरा मारत राहिले.

आता आमची अजून एक रीत. सामना कुठंही असो, आदल्या दिवशी आमच्या बायका जाऊन मैदान करून यायच्या. ही रीत भावसिंगचा पाय मोडला तेव्हापासूनची. परक्या गावचा भरवसा नको, आपल्या हातानं दगड वेचायचे. एकदा सेनगावला गेलो तर तिथल्या लोकांनी आम्हाला जेवायला घातलं होतं. त्यामुळं वसमतचं ठरल्यावर भाऊजींनी शालूबाईला निरोप दिला. शालूबाई म्हणजे आमच्या निंदणीच्या टोळीची म्होरकी. तिनं शेतात पाऊल टाकलं की गवत आपणहून उपटून बाजूला बसतं, असं म्हणतात. काळी-पिवळी जीप ठरवली. आत बायका, टपावर धुमसं, पाटीत खुरपी. भाऊजी पुढं ड्रायव्हरजवळ, एक पाय बाहेर.

फाटकावर राखणदार होता. त्यानं खुरपी पाहिली, त्याला वाटलं चेअरमननी मजूर लावले. त्यानं फाटक उघडलं.

आत पाऊल टाकलं आणि शालूबाई जागच्या जागी थांबली. तिनं कपाळाला हात लावला.

"अगं माय! ही तर हरळी!"

खरंच, सगळ्या मैदानभर हरळी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दाट, हिरवीगार, मुळं धरून माजलेली. ज्यानं शेत केलं त्याला हरळी काय ते सांगायला नको. ती शेतात शिरली की पोरीच्या लग्नाइतकी काळजी. काडी राहिली तरी परत फुटते. आमच्या जन्माचं अर्धं कंबरडं हिनंच मोडलंय.

राणी, माझी धाकटी सून, म्हणाली, "एवढा मोठा माणूस, एवढी मोठी कमान बांधली, आन् मैदान असं पडीक!"

"माणसं न्हाईत ठेवली वाटतं निंदायला," शालूबाई म्हणाली. "पोरांचे पाय अडकून पडतील ना हिच्यात. काहून उभ्या राहिल्या गं? बसा पातीला!"

आणि आम्ही पातीला बसलो. पदर खोचले. ज्या मैदानावर दुसऱ्या दिवशी साहेब लोक येणार, त्या मैदानात आम्ही ओळीनं सरकत गेलो. गाणी म्हटली. मुळासकट काढली, झटकून माती पाडली, ढीग बांधावर नेऊन टाकले. आणि मला सांगा, भाऊजी कुठं होते? ते पुरुष माणूस, त्यांनी तरी म्हणायला पाहिजे होतं ना काही?

ते गोलाजवळ उभे होते. तिथं लोखंडी खांब होते आणि मागं जाळी. पांढरी, नवी. हैदराबादेत त्यांनी लांबून खिडकीतून पाहिलेली असेल, पण हात कधी लावला नव्हता. दोन्ही हातांनी ती धरून ते ओढून पाहत होते. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "वहिनी, हिच्यात बॉल गेला की हितंच थांबतो. कुणाला पळायची तकलीफ न्हाई."

"मग बरं की."

"व्हय," म्हणाले, "बरंच की." आणि परत जाळी ओढून पाहायला लागले. पायाचा अंगठा उकरत नव्हता. मी पाहिलं ना.

दुपार कलली तेव्हा अर्धं मैदान आम्ही परातीसारखं करून ठेवलं होतं. जीप आली. चेअरमन उतरले, दोन पावलं चालले आणि रुमाल तोंडावर धरून उभे राहिले. शालूबाई कंबर सरळ करत पुढं गेली. तिला वाटलं, शाबासकी.

"साहेब, काळजी करू नका. मुळासकट काढली. उरलेली दिवस मावळायच्या आत करतो. चहा तेवढा सांगा."

चेअरमन बारीक आवाजात म्हणाले, "बाई, ती हरळी… ती मी लावलीय."

"लावली?" शालूबाईनं आमच्याकडं पाहिलं. "हरळी लावली?"

"पुण्याहून आणली. ट्रकनं. उन्हाळाभर पाणी घातलं."

मग राणीच्या तोंडून हसू फुटलं, तिनं पदर तोंडात कोंबला, तो पुरेना. शालूबाई मात्र हसली नाही. तिला खरंच दया आली. ती चेअरमनला हळू आवाजात म्हणाली, "कुणीतरी फसवलं हो तुमाला. आमच्याकडं सांगितलं असतं तर फुकट दिली असती."

त्यावर चेअरमननी जे काय म्हटलं ते लिहायची गरज नाही. राखणदाराला म्हटलं, ड्रायव्हरला म्हटलं, भाऊजींना म्हटलं. भाऊजी जाळीपाशीच उभे होते, मान खाली. त्यांच्या तोंडावरचं पाणी उतरलं होतं. त्यांनी मनात बॉल देऊन टाकला होता, हे मला तेव्हा कळलं. जाळीला हात लावला तेव्हाच दिला होता. आणि आता घेणाराच जीपकडं निघाला होता.

ते जीपच्या मागं पळाले. गुडघा विसरून. "साहेब! सामना हुईल! आमच्या गावात करू. मैदान तयारच हाय."

"त्या खळ्यात?"

"साहेब लोक येऊन राहिले. त्यांना हे दाखवणार का?"

चेअरमननी वळून आपलं अर्धं हिरवं, अर्धं उकरलेलं मैदान पाहिलं. एका बाजूनं भादरलेल्या मेंढीसारखं दिसत होतं. त्यांनी कपाळ पुसलं आणि जीपचं दार उघडं धरलं. "बसा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओढ्यातून जीपांची रांग लागली. नांदेडच्या पोरांचे बूट आमच्या सारवलेल्या जमिनीवर असे घसरायला लागले की जणू शेवाळ. शेवटी त्यांनीही बूट काढले. मग खेळ जमला. गायरानाच्या चारी बाजूंनी माणूस, विहाराच्या गच्चीवर माणूस, बाभळीवर माणूस. भाऊजींचा नातू धम्मदीप ह्यानं डावीकडून बॉल काढला तेव्हा भावसिंग काठी टाकून उभा राहिला. गोल झाला. बॉल ओढ्यात गेला. भाऊजी पळाले. पाहुण्यांतला एक मोठा साहेब चेअरमनला म्हणाला, "मैदान छान आहे हो. नैसर्गिक." चेअरमननी मान हलवली, जणू त्यांनीच केलं.

संध्याकाळी सगळे थावराच्या हॉटेलात. भाऊजी घरी गेले, शिंकं खाली घेतलं आणि बॉल काखेत धरून आले. संतराम पाटलांनी तोंड फिरवलं.

भाऊजी म्हणाले, "साहेब, पोरं तुमची. नाव तुमचं. एक अट हाय. सालातून एक डाव, हळद उचलली की, पिवळा सामना हितं झाला पाहिजे."

चेअरमननी विचार केला. "मान्य. माझीही एक अट."

"बोला."

"तुमच्या गावच्या बायकांनी खुरपं घेऊन माझ्या फाटकात पाऊल टाकायचं नाही."

हॉटेल असं हसलं की थावराच्या हातातला चहा सांडला. शालूबाई बाहेरून ओरडली, "बोलावलं तरी येणार न्हाई! आमाला काय तेवढंच काम हाय?"

कागद झाला नाही, सही झाली नाही. बॉल एका हातातून दुसऱ्या हातात गेला. भाऊजींचा हात जरा उशिरा सुटला, एवढंच. भावसिंगनं त्या दिवशी सगळ्यांचा चहा माझ्याकडून म्हटलं आणि थावरानं पैसे घेतले नाहीत.

पोरं वसमतला गेली. घर ओकंबोकं. रिकामं शिंकं वाऱ्यानं हलायचं, म्हणून मी त्यात दह्याचं गाडगं ठेवलं. भाऊजी रोज वर पाहायचे, दही दिसायचं, आणि दही खायचे नाहीत. संध्याकाळ झाली की त्यांना घर धरवत नव्हतं. फाट्यापर्यंत जायचे, यष्टी पाहायचे, परत यायचे. कोणी म्हणालं, वसमतला जाऊन पाहा की सामना. एकदा गेले. फाटकावर राखणदारानं नमस्कार केला, आणि पिशवीत खुरपं तर नाही ना, हेही पाहिलं. घरी आल्यावर म्हणाले, "पोरं बरी हायेत. बूट चांगले हायेत. हरळी परत फुटली."

"ती फुटतेच," मी म्हटलं.

हळद निघाली. शिजली, वाळली, उचलली. आम्ही मैदान चोपलं, सारवलं, आणि संतराम पाटील थावराच्या हॉटेलात रोज म्हणायला लागले, "येत न्हाईत. मी लिहून देतो. चेअरमनची जीभ आन् ओढ्याचं पाणी, उन्हाळ्यात राहतंय का?"

ठरलेल्या दिवशी सकाळपासून भाऊजींच्या घर ते फाटा अशा खेपा चालू झाल्या. लोक जमले. सेनगावची पोरं आली, अंग गरम करून बसली. ऊन तापलं, उतरलं. लोक पागोट्यानं वारा घेत उठायला लागले. पाटील माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जनकाबाई, त्याला घरी घेऊन जा. मला बघवंना." पैज जिंकायची त्यांनाही इच्छा नव्हती.

तेवढ्यात ओढ्याकडून ट्रकचा आवाज आला.

पोरं उतरली. पांढरेशुभ्र टीशर्ट, छातीवर संस्थेचं नाव, पायात काळे बूट. उंच झाल्यासारखी वाटली. कोणी ओरडेना, कोणी टाळी वाजवेना. आपलीच पोरं, पण पाहुण्यासारखी उभी. भाऊजी चार हात लांब थांबले. एवढा चालणारा माणूस, त्या दिवशी पुढं पाऊल टाकेना.

धम्मदीपनं मैदान पाहिलं. मग बांधावर बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. त्याच्या शेजारी दुसरं पोरगं बसलं. मग सगळीच.

त्यांच्याबरोबर आलेले मास्तर म्हणाले, "अरे, बूट का काढता?"

धम्मदीप म्हणाला, "सर, मोठ्या आजीनं चोपलंय ते. बुटाचे खिळे रुततील."

मी पदरानं डोळे पुसले का, असं राणी विचारते. धूळ होती. ट्रकची.

धम्मदीपनं ट्रकमधून एक गाठोडं काढलं आणि भाऊजींसमोर टाकलं. "आबा, कॉलेजात जुनी पडली होती. मागून आणली." जाळी होती. दोन ठिकाणी फाटलेली, सुतळीनं शिवलेली. भाऊजींनी ती स्वतः बांबूंना बांधली, ओढ्याकडच्या गोलाला. प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. मग नेहमीच्या जागी, गोलामागं जाऊन उभे राहिले.

खेळ सुरू झाला. पांढरे टीशर्ट घटकाभरात पिवळे. सेनगावचं कोणीतरी ओरडलं, "आले रे नवरदेव!" आणि सगळं गायरान हसलं. धम्मदीपनं बॉल घेतला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि हाणला.

गोल! लोक नाचायला लागले. बॉल जाळीत अडकून गप पडला होता. आणि भाऊजी? ते केव्हाच पळाले होते. बॉल पायातून सुटला तेव्हाच पळाले असतील. उतार उतरून ओढ्यात शिरले, गुडघाभर चिखलात, दोन्ही हातांनी पाणकणसं बाजूला करून शोधत होते.

"कुठाय?" खालून ओरडले. "वहिनी, दिसला का? कुठं गेला बॉल?"

हसून हसून कोणाला बोलता येईना. शेवटी मीच काठापर्यंत गेले आणि ओरडले, "भाऊजी, वर या! बॉल हितंच हाय!"